भैयाजीच्या गाडीची डुप्लिकेट

भैयाजीची गाडी चोरीला जायचं नक्की झालं, त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना.

गैरसमज नको. गाडी खरोखर चोरीला गेली असती तर सर्वांत आधी मीच धावलो असतो. भैयाजीला पोलिसांत घेऊन गेलो असतो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता, मयुरावहिनींना म्हणालो असतो की वस्तूच ती, आज आहे उद्या नाही. शेजाऱ्याच्या दुःखात मी कधी मागे राहिलेलो नाही. शेजाऱ्याचं सुख ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात सहभागी व्हायला फार मोठं मन लागतं, आणि आमची ऐपत पहिल्यापासून टू बीएचकेचीच.

झालं असं, की नागपूरच्या टोकाला आमच्या बेसाच्या कॉलनीत एका सकाळी सिनेमावाले आले. सिनेमा मोटारचोरांचा. नागपुरातून गाड्या उचलायच्या, रंग बदलायचा आणि सीमेपलीकडे नेऊन विकायच्या असा त्या टोळीचा धंदा, आणि त्यांच्या मागे हात धुऊन लागलेला एक पोलीस अधिकारी. गोष्ट एवढीच. बाकी सगळा पाठलाग. हे आम्हाला प्रशिकनं सांगितलं. प्रशिक हा त्या सिनेमाचा सहायक दिग्दर्शक, मूळचा इथल्याच इंदोऱ्याचा पोट्टा, मुंबईला जाऊन दाढी आणि शांतपणा घेऊन आलेला. त्याला एक साधी पांढरी गाडी हवी होती. सिनेमातली पहिली चोरी याच गाडीची होणार होती आणि पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळेच उसळणार होता. थोडक्यात, नायिकाच म्हणा.

आता आमच्या कॉलनीत अशा गाड्या दोनच, एक माझी आणि दुसरी भैयाजीची. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, एकाच शोरूममधून एकाच दिवशी घेतलेल्या. भैयाजीचा दसरा आणि आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन एकाच दिवशी येत असल्यामुळे मुहूर्तावरून वादही झाला नव्हता. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत, त्या भिंतीवरून रोज सकाळी चहाचे कप इकडून तिकडे जात. फरक होता तो गाड्यांच्या नशिबात. भैयाजीचा लकडगंजात लाकडाचा धंदा. तो गाडीत प्लायवूडचे तुकडे, दाराची बिजागरं, एकदा तर अख्खा उंबरठा घेऊन आला होता. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला. तिथं सगळीकडे राख उडते, म्हणून मी कंपनीच्या बसनं जातो आणि गाडी घरी कापडाखाली ठेवतो. रविवारी कापड काढायचं, पुसायची, एक चक्कर मारायची, पुन्हा पुसायची. एक ओरखडा नाही तिच्यावर. सीटवरचं प्लास्टिक मी काढलं ते नंदिनीनं माहेरी जायची धमकी दिल्यावर.

म्हणून प्रशिक दोन्ही गाड्यांभोवती फिरू लागला, त्या वेळी मी निकालाची काळजी करत नव्हतो. मी फक्त भैयाजीला वाईट वाटणार नाही असं एखादं वाक्य मनात जुळवत होतो.

प्रशिक माझ्या गाडीपाशी थांबला. बॉनेटवर त्यानं बोट फिरवलं आणि बोट पाहिलं. मग भैयाजीच्या गाडीकडे गेला, तिच्या डाव्या दाराचा पोचा बघितला, लोंबणारा आरसा हलवून पाहिला आणि म्हणाला, "ही."

"काहून?" हा प्रश्न माझ्या तोंडून गेला तेव्हा आवाज जरा चढाच लागला असावा, कारण समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या प्रेमिलाताई थांबून पाहू लागल्या.

"काका, तुमची गाडी जास्तच स्वच्छ आहे," प्रशिक अगदी आदरानं म्हणाला. "हिच्यात कॅरेक्टर नाही."

एका सरकारी नोकराच्या तोंडावर, त्याच्याच फाटकात, त्याच्या पत्नीसमोर हे बोललं गेलं. भैयाजीला मात्र कॅरेक्टर होतं. ते त्याच्या डाव्या दाराला होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. भैयाजीनं गाडी उभी करायच्या जागेभोवती विटा मांडल्या. का, तर सिनेमावाल्यांनी सांगितलंय, धक्का लागता कामा नये. जिला सगळ्या नागपूरनं धक्के मारले त्या गाडीला आता पाहुण्यांच्या मुलांनी हात लावायचा नाही. भिंतीवरून चहाचा कप देताना तो सहज म्हणायचा, "काल डायरेक्टरचा फोन होता गा, संघपाल. म्हणे, गाडी धुऊ नका, आहे तशीच पाहिजे." मी म्हणायचो, "छान." मग काही दिवसांनी माझा चहा घरातच होऊ लागला. भिंतीपाशी ऊन येतं, असं कारण मी नंदिनीला दिलं. ती म्हणाली, "सकाळी?"

या सगळ्यावर कळस चढवला आमच्या कन्येनं. वैभवी पुण्याला शिकते. भैयाजीनं गाडीला टेकून काढलेला फोटो टाकला, त्याला तिनं लाल बदाम दिला. मी मागच्या महिन्यात टाकलेल्या माझ्या गाडीच्या फोटोला नुसता अंगठा होता. एवढ्यावर थांबली असती तरी मी गिळलं असतं. पण तिचा फोन आला की पहिला प्रश्न, "बाबा, काकांची गाडी चोरीला गेली का?" जन्म मी दिला, फी मी भरतो, आणि चिंता काकांच्या गाडीची.

शेवटी मी ठरवलं, कॅरेक्टरच हवंय ना, तर घेऊ.

हा विचार मी फक्त रामाजींना बोलून दाखवला. रामाजी आमच्या कॉलनीतले निवृत्त कृषी अधिकारी. त्यांना सल्ला विचारावा लागत नाही, तो त्यांच्यापाशी तयार असतो. ते म्हणाले, "पोचा पाहिजे नं? भरबाजारात इतवारीत घाला गाडी. बाहेर येईपर्यंत कंपनीच ओळखणार नाही." ही गोष्ट गुप्त ठेवायची त्यांनी शपथ घेतली, म्हणून कॉलनीत पसरायला संध्याकाळ झाली. प्रेमिलाताई, म्हणजे आमच्या सोसायटीच्या सचिव, मुद्दाम खाली येऊन म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या मुलीले स्कूटी शिकायची आहे. तिले तुमच्या गाडीजवळच शिकू द्या. दोघांचंही काम होईल." मी नम्रपणे नको म्हटलं. माणसानं पडावं, पण कोणाच्या हातून पडावं याला काही मर्यादा आहे.

रविवारी मी इतवारीत गाडी घातली. ज्यांनी इतवारी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिथं सायकल नेणाऱ्यानंही घरच्यांना सांगून जावं. पण त्या दिवशी त्या बाजाराला काय झालं होतं कोण जाणे. हातगाडीवाले थांबले. एका माणसानं लोखंडी सळया खांद्यावरून उतरवून मला वाट दिली. मी मुद्दाम एका टेम्पोच्या अंगाला अंग लावून नेली, तर ड्रायव्हरनं आपला आरसा आत घेतला आणि म्हणाला, "आने दो, अंकल, आराम से." एक म्हातारी तर गाडीकडे पाहून नातवाला म्हणाली, "पाह्य, किती जपून ठेवली आहे, नाहीतर तुहा बाप." मी इतवारी आडवी-उभी पार केली आणि जशीच्या तशी बाहेर आलो. उलट, कोणीतरी मागची काच पुसून दिली होती.

एवढा अपमान घेऊन मी घरी परतलो, तर भैयाजीच्या फाटकासमोर गर्दी. सिनेमावाले त्याच्या गाडीचे फोटो काढत होते आणि भैयाजी लोंबता आरसा हातात धरून त्याची हकिगत सांगत होता. मी ते पाहत पाहत गाडी वळवली आणि फाटकातून आत घेतली. म्हणजे घेतली असती. फाटकाची डावी बाजू बंद होती.

आवाज ऐकून नंदिनी बाहेर आली. तिनं फाटक पाहिलं, गाडी पाहिली, मला पाहिलं. "लागलं तर नाही ना?" तिनं विचारलं. मी नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग आता तरी जेवाल?"

खरं सांगतो, तो पोचा मी दोनदा कापडानं पुसून पाहिला. पण पोचा डाव्या दारालाच होता. विमा कंपनीच्या फॉर्मवर अपघाताचं कारण असा रकाना होता. तिथं मी 'लक्ष विचलित' असं लिहिलं. प्रेमिलाताईंनी सोसायटीतर्फे वाकलेल्या फाटकाबद्दल खुलासा मागवला. तो खुलासा लिहिण्याऐवजी मी सरळ प्रशिककडे गेलो आणि त्याला गाडी दाखवली.

त्यानं दार पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "काका, कमाल केली. ही आता डिट्टो भैयाजीकाकांची गाडी दिसून राहिली. आम्हाले डुप्लिकेट पाहिजेच होती."

डुप्लिकेट म्हणजे काय ते त्यानं समजावून सांगितलं. चोरीचा प्रसंग, हिरोचा जवळून चेहरा, दार उघडणं वगैरे सगळं भैयाजीच्या गाडीवर. लांबून दिसणारं धोक्याचं काम माझ्या गाडीवर. पडद्यावर ती एकच गाडी दिसावी, म्हणून माझ्या गाडीला भैयाजीच्या गाडीचा नंबर लागणार.

मी विचार करायला वेळ मागितला आणि दाराबाहेर जाऊन लगेच परत येऊन हो म्हटलं. अट एकच घातली, गाडी मीच चालवणार. प्रशिक म्हणाला, कॅमेरा उंच गच्चीवर असणार, आत कोण बसलंय ते देवालाही दिसणार नाही. हेही तो आदरानंच म्हणाला.

नंबर बदलायचा तर परवानगी हवी. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयाकडे, दुसऱ्यातून तिसऱ्याकडे असं करत करत शेवटी गाठलेल्या एका खिडकीवरच्या बाईंनी कागद खाली ठेवले आणि सांगितलं, "मूळ गाडीमालकाची हरकत नाही असं पत्र आणा. डुप्लिकेटला ओरिजिनलची परवानगी लागते."

भैयाजीच्या दाराची घंटी मी इतक्या वर्षांत कधी वाजवली नव्हती, सरळ आत जात असे. त्या दिवशी वाजवली. त्यानं मला पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवलं, चष्मा लावला आणि पत्र मोठ्यानं वाचलं. 'माझ्या वाहनाच्या क्रमांकाचा वापर श्री. संघपाल रामटेके यांनी त्यांच्या वाहनावर केल्यास माझी हरकत नाही.' मयुरावहिनी आतून ऐकायला बाहेर आल्या, म्हणून त्यानं ते पुन्हा वाचलं.

"सही कर नं बाप्पा," मी म्हटलं.

"करतो गा. पण एक सांगतो, राग नको मानू," तो पेनचं टोपण काढत म्हणाला. "माह्या नंबरावर आजवर एक चालान नाही फाटलं. गाडीले पोचे असतील, पण नंबर साफ आहे. बट्टा नको लागू देऊ."

ज्यानं लाल दिव्यावर उभं राहून मागच्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, त्या मला तो हे सांगत होता. मी मान डोलावली. वहिनींनी चहा आणला. मी घेतला नाही.

शूटिंगच्या दिवशी सकाळी नंबरपाटी चढली. माझाही आरसा लोंबवला. मग प्रशिकनं दोन्ही गाड्यांचे पुढचे फोटो शेजारी शेजारी धरले आणि म्हणाला, "काका, एक राहिलं." भैयाजीच्या गाडीला पुढं लिंबू-मिरची होती, आत डॅशबोर्डवर गणपती. माझ्याकडे डॅशबोर्डवर दीक्षाभूमीवरून आणलेली बुद्धांची छोटी मूर्ती.

माझे वडील रस्त्यात पडलेलं लिंबू मुद्दाम ओलांडून जायचे. मला कडेवर घेतलेलं असलं तरी वाट वाकडी करून त्या लिंबापर्यंत जायचे आणि ओलांडायचे. त्या माणसाचा मी मुलगा. नंदिनी फाटकात उभी होती. ती पदरानं हात पुसत राहिली, जरा जास्त वेळ. मी मूर्ती उचलून शर्टाच्या खिशात ठेवली आणि प्रशिकला म्हटलं, "बांध. पण दोरा कच्चा ठेव." मत्सर माणसाला कुठवर नेतो याच्यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत, माझ्या बाबतीत त्यानं मला बंपरपर्यंत नेलं.

भैयाजीच्या गाडीचा प्रसंग आधी झाला. चामड्याचं जाकीट घातलेला हिरो आला, त्यानं दार उघडलं, आत बसला आणि गाडी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेली. टाळ्या वाजल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लवकर आटोपलं, आणि या विचारानं मला बरं वाटलं हे मी लपवत नाही.

मग मला कॉलनीमागच्या नव्या लेआउटच्या, म्हणजे नुकत्याच आखलेल्या प्लॉटांच्या, रस्त्यावर एका कडुनिंबाखाली उभं केलं. प्रशिकनं माझ्या हातात वॉकीटॉकी दिला. "काका, पोलिसांची गाडी मागून आली की निघायचं. काही झालं तरी थांबायचं नाही, आम्ही कट म्हणेपर्यंत. कॅमेरा शोधू नका. गच्चीवर आहे, आणि पुढं ड्रोन घेईल." असं म्हणून तो निघून गेला. मी काचा वर केल्या, एसी लावला, सीटबेल्ट बांधला, आतला आरसा नीट केला आणि चेहऱ्यावर चोराचे भाव आणून बसलो. दिसणार नव्हते, पण आपलं काम आपण चोख करावं.

बराच वेळ काही हललं नाही. मग आरशात जीप दिसली. सिनेमावाल्यांनी काय बारकावा सांभाळला होता. जीपला खरा वाटावा असा चिखल, एक दिवा बंद, आणि आतल्या शिपायांची पोटंसुद्धा अगदी जमून आलेली. वॉकीटॉकी खरखरला. त्यातून मला एवढंच कळलं, "काका… जाऊ…"

मी गेलो.

लेआउटचा रस्ता संपला. कट कोणी म्हटलं नाही. मी बेसा चौकाकडे उजवा इंडिकेटर दिला आणि वळलो. जीपनं सायरन लावला. माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या मागे लागलं होतं. मी वेग वाढवला, म्हणजे तिसऱ्यातून चौथ्या गिअरमध्ये आलो. मनीषनगरकडे जाताना रस्त्याच्या कडेला दुकानातून लोक बाहेर येऊन पाहत होते, आणि मला वाटलं, प्रशिकनं गर्दीची काय माणसं जमवली आहेत. एक ई-रिक्षावाला तर घाबरून नाल्याच्या कठड्याला टेकला. अभिनय म्हणावा तर असा.

पुढे एका चौकात लाल दिवा लागला. मी थांबलो. जीप मागे भाजीच्या गाड्यांमध्ये अडकली होती. दिवा हिरवा झाला तरी मी हळूच निघालो, कारण बिचाऱ्यांचा शॉट तुटला असता. जीप जवळ आल्यावर मी पुन्हा वेग घेतला. उड्डाणपुलावर चढताना वर आकाशात काहीतरी काळं फिरताना दिसलं. ड्रोन. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, तशी सूचनाच होती. पण मान जरा ताठ केली आणि एक हात स्टेअरिंगवर मोकळा ठेवला. त्या क्षणी पुलावरून वारा येत होता, मागे सायरन वाजत होता, आणि भैयाजीचा मला पूर्ण विसर पडला होता. महिनाभरात पहिल्यांदाच. पूल उतरताना लक्षात आलं की ती घार होती. मला वाटलं, ड्रोन तिच्यामागे असेल.

वर्धा रोडला लागताना पुन्हा लाल दिवा. मी थांबलो. या वेळी जीप येऊन माझ्यासमोर आडवी झाली. दोन शिपाई उतरले, एकानं काच वाजवली. मी काच खाली केली.

"झाला का शॉट?" मी विचारलं.

पोलीस ठाण्यात मला बाकावर बसवलं. खिशातल्या वस्तू टेबलावर ठेवायला सांगितल्या. रुमाल, घराची चावी, वीज केंद्राचं ओळखपत्र आणि बुद्धांची मूर्ती. समोर फौजदार मॅडम होत्या. त्यांनी मूर्ती उचलून सरळ उभी ठेवली आणि बाकीच्या वस्तूंकडे पाहिलं.

"गाडीवर नंबर दुसऱ्याचा. चेसिसवर नंबर तुमचा. नाव रामटेके, खिशात बुद्ध, गाडीले लिंबू-मिरची. नेमकं कोण आहात तुम्ही?"

"डुप्लिकेट," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "शिपाई म्हणतात, तुम्ही पळताना इंडिकेटर देऊन राहिले होते."

"वळायचं होतं ना, मॅडम."

"आणि सिग्नलवर थांबले. एकदा आमच्या जीपसाठीबी थांबले."

"शॉट तुटला असता."

त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते. मी ते रागानं हलतायत असं समजलो आणि घामानं भिजलो. माझी नोकरी, पेन्शन, वैभवीचं लग्न, सगळं त्या खांद्यांवर हलताना मला दिसत होतं.

हळूहळू खुलासा झाला. भैयाजीची आत्या जिजाबाई गल्लीच्या कोपऱ्यावर राहते. एका लग्नातल्या आहेरावरून भैयाजी तिच्याशी बोलत नाही, म्हणून अख्ख्या नागपूरला सांगितलेली शूटिंगची बातमी त्यानं तिला एकटीला दिली नव्हती. तिनं खिडकीतून पाहिलं, जाकीटवाला माणूस तिच्या भाच्याची गाडी घेऊन जातोय. अबोला असला तरी रक्त ते रक्त. तिनं पोलिसांना फोन करून नंबर सांगितला. पोलीस नंबर शोधत आले, आणि तो नंबर कडुनिंबाखाली एसी लावून बसला होता. वॉकीटॉकीवर प्रशिक ओरडत होता ते 'काका, जाऊ नका, खरे पोलीस आहेत' असं होतं.

प्रशिक परवानगीपत्र घेऊन धावत आला. त्याच्यामागे भैयाजी. मॅडमनी पत्र वाचलं आणि म्हणाल्या, "ही परवानगी लेआउटच्या रस्त्यापुरती आहे. हे वर्धा रोडपर्यंत आले." मग भैयाजीकडे वळून, "गाडी तुमची?"

"नाही जी."

"नंबर?"

"माहा."

"चोरी झाली?"

"झाली. पण ते सिनेमात. आमच्याच संमतीनं."

मॅडमनी कपाळ चोळलं. पाटी जप्त करायची, माझा मूळ नंबर इथंच चढवायचा, समज देऊन सोडायचं असं ठरलं. तोवर इतर खोल्यांतले शिपाई जमले होते. मला पकडणारा शिपाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होता, कसा मी पुलावर एक हात सोडून गाडी चालवली, कसा लाल दिव्यावर थांबलो. सांगता सांगता माझा वेग वाढत होता. एकानं माझ्याबरोबर फोटो काढला. मॅडमनी चहा मागवला, तो आधी माझ्यासमोर ठेवला गेला.

मी कप उचलला आणि भैयाजीकडे लक्ष गेलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते गालांच्या वर चढत नव्हतं. हा चेहरा मी ओळखला. गेला महिनाभर दाढी करताना मी तोच पाहत होतो.

मला आनंद झाला. होऊ द्यावा तेवढा मी होऊ दिला. कपातला अर्धा चहा होईपर्यंत मी तो उपभोगला. मग तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "माही गाडी तर नुसती कोपऱ्यापर्यंत गेली गा. परत आणून लावून देली. आता पुन्हा लागणार नाही म्हणतात." मग म्हणाला, "पण पोलीस मागे लागले ते माह्याच नंबराच्या नं?"

"तुह्याच," मी म्हटलं.

"बट्टा लागला म्हणजे."

"लागला."

त्यानं मान हलवली आणि पहिल्यांदा नीट हसला. उरलेला चहा मी बशीत ओतला आणि बशी त्याला दिली. त्यानं ती घेतली.

मूळ नंबरपाटी डिक्कीत होती. ठाण्याच्या आवारात मी ती धरली आणि भैयाजीनं स्क्रू आवळले. लाकडाच्या धंद्यातला माणूस, स्क्रू आवळायला बसला की अर्धवट सोडत नाही. लिंबू-मिरचीचा दोरा त्यानं स्वतःच तोडला आणि खिशात टाकला. मी मूर्ती डॅशबोर्डवर ठेवली. प्रशिक रिक्षानं पुढं गेला, त्याला पुढच्या शॉटची घाई होती. आम्ही दोघं माझ्या गाडीतून निघालो. पुलावर भैयाजी म्हणाला, "इथंच का गा, हात सोडला?" मी जागा दाखवली. तो म्हणाला, "जरा जोरात घे नं." मी घेतली नाही, पुढं वेगाची पाटी होती.

कॉलनीच्या फाटकाशी सगळे जमले होते. नंदिनी, मयुरावहिनी, रामाजी, हातात खुलाशाचा कागद घेऊन प्रेमिलाताई. भैयाजीनं गाडी थांबण्याआधीच काच खाली केली आणि सुरुवात केली. "काय सांगू, रामाजी. आम्ही पुलावर चढलो, मागे पोलीस. संघपालले म्हटलं, हात सोड, काही होत नाही. मागे सायरन, वर ड्रोन. आम्ही मागे पाहिलंच नाही."

मोबाइल वाजला. वैभवी होती. "बाबा, तुम्हाला खरंच पोलिसांनी पकडलं? काका पण होते का गाडीत?"

मी भैयाजीकडे पाहिलं. तो अजून पुलावरच होता, हातवारे करत होता, आणि रामाजींचं तोंड उघडं होतं.

"होते," मी म्हणालो. "बाजूच्या सीटवर होते. गाडी मी चालवत होतो."